स्पर्धेची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या, म्हणजे सर्वत्र ‘फोर बाय फोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये चिखल-दगडांवरच्या स्पर्धेसाठी जे बदल केले जातात, त्यांविषयी एक मत आता इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. हे मत असे की, कारखान्यातून निघालेली आजची गाडी मुळातच इतकी समर्थ असते की तिच्यात गॅरेजमध्ये काही घालणे वा काढणे हा निव्वळ दिखाऊपणा होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे बदल बेकायदा ठरवल्यामुळे या विषयावर बोलण्यासारखे काही उरलेलेच नाही. आणि मागे राहते ती डोंगर तुडवण्याची श्रीमंती हौस, जी बंद पडली तर कोणाचेही काही बिघडणार नाही. या तिन्ही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे आणि म्हणूनच त्यांची बेरीज चटकन पटते. मात्र या बेरजेच्या मुळाशी एक गल्लत आहे: रस्त्यावर मिरवण्यासाठी सजवलेली गाडी आणि स्पर्धेसाठी बांधलेली गाडी या दोन भिन्न वस्तू एकच समजल्या गेल्या आहेत. दोघींची रचना वेगळी, दोघींचा हेतू वेगळा आणि दोघींपासून संभवणारा धोकाही वेगळा; पण त्यांना वेगळे ठेवणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नसल्यामुळे एकीचा दोष सर्रास दुसरीच्या माथी मारला जातो.

हा वाद नाशिकमध्ये व्हावा याला कारण आहे. महिंद्रा कंपनीच्या सातपूर येथील कारखान्यात बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या तयार होत आल्या, आणि २०२० साली बाजारात आलेली नवी थारही याच शहरात बांधली जाऊ लागली. इगतपुरीला याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे आणि अवघड जमिनीवर गाडी चालवण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्रही कंपनीने इगतपुरीलाच उभारले. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनसारख्या संस्थेने मोटार रॅलींची परंपरा या शहरात रुजवली. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची, लेथ आणि मिलिंग चालवणाऱ्या कारागिरांची मोठी वस्ती आहे. निफाडकडची काळी माती, इगतपुरी-घोटीकडची भातखाचरांची चिकण जमीन, घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस आणि सर्वत्र उघडा पडलेला काळा बेसाल्ट, इतकी विविध जमीन एका जिल्ह्यात क्वचितच सापडते. गाडी बनवणारे, तिचे भाग घडवणारे आणि तिची कसोटी पाहणारी भूमी हे सर्व ज्या ठिकाणी एकत्र आहे, तिथे या विषयाचा विचार ऐकीव मतांवर होऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पहिले विधान घेऊ. कारखान्यातली गाडी समर्थ असते, हे खरेच आहे. नव्या थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा असते. ती ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. आणि तिचा प्रवेशकोन, म्हणजे पुढचा बंपर न घासता ती जितक्या उभ्या चढावर चाक टेकवू शकते तो कोन, ४० अंशांहून अधिक आहे. परंतु कारखान्यातली कोणतीही गाडी ही एक तडजोड असते, आणि यात तिच्या अभियंत्यांची काही चूक नाही. त्यांना महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने स्थिर राहणारी, पावसात वेळेवर थांबणारी, धडकेत आतल्या माणसांना वाचवणारी, धूर आणि आवाजाचे नियम पाळणारी आणि शिवाय घरच्यांना बसवून लग्नाला नेता येईल अशी गाडी करायची असते. स्पर्धेत यांतले बहुतेक प्रश्न उपस्थितच होत नाहीत. तिथे वेग बहुधा माणसाच्या चालण्याइतका असतो, उतार असा असतो की आतल्या माणसाला फक्त आकाश दिसावे, आणि कधीकधी एक चाक हवेत, दुसरे चिखलात व उरलेली दोन ओल्या दगडावर असतात. दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर पुरेल, असे मानणे अभियांत्रिकीच्या प्राथमिक तत्त्वांना धरून नाही.

चाक हवेत गेल्यावर नेमके काय होते, यावर या विषयाची बरीच भिस्त आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून एकाच एक्सलवरची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना एक्सलच्या मध्यभागी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, आणि म्हणून ज्या चाकाची पकड कमी त्याच्यापुरताच पीळ दुसऱ्यालाही मिळतो. परिणामी एक चाक चिखलात गरगर फिरत राहते आणि कोरड्या दगडावर भक्कम टेकलेले दुसरे चाक जागचे हलत नाही. यावर नव्या गाड्यांतला इलेक्ट्रॉनिक उपाय असा की, घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि त्यामुळे दुसऱ्या चाकाकडे जोर वळतो. काही सेकंदांचा अडथळा पार करायला हा उपाय उत्तम आहे. पण दहा-पंधरा मिनिटे सलग चिखल कापताना ब्रेक तापतात, आणि मुख्य म्हणजे चाक घसरल्यानंतरच ही यंत्रणा कामाला लागते. ओल्या चढावर पहिल्या घसरणीतच गाडी तिरकी होत असेल, तर नंतर मिळालेल्या मदतीचा उपयोग फारसा राहत नाही. म्हणून स्पर्धेच्या गाडीत ‘लॉकर’ बसवतात. तो चालकाच्या इच्छेनुसार एक्सलची दोन्ही अर्धांगे एकमेकांना घट्ट बांधतो, म्हणजे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सने आपल्या गुरखा या गाडीत पुढे आणि मागे असे दोन्ही लॉकर कारखान्यातूनच दिले, ही गोष्ट ‘बदल म्हणजे दिखाऊपणा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे: जी वस्तू एका गाडीत कंपनी स्वतः बसवते, तीच दुसऱ्या गाडीत स्पर्धकाने बसवली की ती मिरवणूक कशी ठरते, याचे उत्तर त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

दिखाऊपणाचा आरोप ज्या बदलावर सर्वाधिक होतो तो म्हणजे गाडी उंच करणे. या बाबतीत आरोप करणाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. कारणमीमांसा मात्र अपुरी आहे. जिप्सीसारख्या गाडीत किंवा जुन्या जीपमध्ये स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा पाटे एक्सलच्या वर आणून चेसिस वर उचलता येते, पण एक्सल आहे तिथेच राहतो. अशा अखंड एक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वात जवळ असतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि पाटे कितीही उंच केले तरी तो एका मिलिमीटरनेही वर जात नाही. तो वर न्यायचा तर टायरचा व्यासच वाढवावा लागतो आणि तोही निम्म्यानेच उपयोगी पडतो: टायर २८ इंचांवरून ३३ इंचांवर नेला तर गोळा अडीच इंच वर जातो. नव्या थारच्या पुढच्या बाजूला एक्सल अखंड नसून दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, त्यामुळे तिथे उंची वाढवली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि सांध्यात चिखल शिरतो. म्हणजेच उंची ही स्वतंत्रपणे मागायची गोष्ट नव्हे. मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा मिळावी आणि चाकाला वरखाली व्हायला वाव राहावा, एवढ्यापुरतीच ती हवी.

त्यापलीकडची प्रत्येक इंच उंची गाडीला अस्थिर करते, आणि हे आकड्यांत मांडता येते. डाव्या व उजव्या चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची, म्हणजे गाडीचे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूची, जमिनीपासूनची उंची ७०० मिलिमीटर धरली, तर स्थिर उभी असलेली गाडी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तग धरते. हाच गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर वर गेला की ती मर्यादा सुमारे ४३ अंशांवर येते, आणि पाटे दबले, टायर चेपला किंवा खालच्या बाजूला खड्डा आला तर प्रत्यक्षात त्याहूनही बरीच अगोदर ओलांडली जाते. जाणकार स्पर्धक म्हणूनच शक्य तितकी कमी उंची आणि शक्य तितका अधिक रुंद पाया ठेवतो, टपावरचे कॅरिअर काढून टाकतो आणि जड सामान चेसिसला बिलगून बांधतो. टपावर कॅरिअर, त्यावर दिव्यांची रांग, त्याहीवर सुटे चाक अशी जी गाडी नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी दिसते, तिला स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीत कोणी गंभीरपणे घेणार नाही. तिच्याकडे बोट दाखवून स्पर्धेची निंदा करणे म्हणजे चुकीच्या आरोपीला शिक्षा ठोठावणे होय.

एक बदल केला की तो साखळीतल्या पुढच्या कड्यावर ताण आणतो, हे या विद्येचे मर्म आहे. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये तीन टप्प्यांवर गती कमी होऊन जोर वाढतो: गिअरबॉक्समध्ये, दोन्ही एक्सलना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमधल्या ‘लो’ गिअरमध्ये, आणि डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनमध्ये. समजा या तिन्हींची गुणोत्तरे अनुक्रमे ४, अडीच आणि ४ आहेत. तर त्यांचा गुणाकार ४० येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन ४० फेरे घेते. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी क्लच न दाबता सावकाश रांगू शकते. २८ ऐवजी ३३ इंची टायर घातला की परिघ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि ४० चा प्रभाव जवळपास ३४ इतकाच उरतो. गाडी बंद पडू नये म्हणून चालक क्लच घसरवत ठेवतो आणि क्लचप्लेट जळते. ते टाळायचे तर क्राउन-पिनियन बदलून तिथले गुणोत्तर ४.७ च्या आसपास न्यावे लागते. तसे केले आणि लॉकरही बसवला, तर एका चाकावर संपूर्ण एक्सलचा जोर येऊ शकतो, मग मूळचा शाफ्ट पिळवटून तुटतो, म्हणून अधिक ताकदीच्या पोलादाचा शाफ्ट हवा. तो आला की शाफ्टच्या टोकाचा क्रॉस तुटतो. स्पर्धेची गाडी बांधणारा मिस्त्री हा असा दुबळ्या कड्याच्या मागे लागलेला असतो, आणि सुज्ञ मिस्त्री शेवटी एक स्वस्त, पटकन बदलता येणारा भाग मुद्दाम दुबळा ठेवतो, म्हणजे तुटलेच तर ते तिथे तुटावे. याला हौस म्हणता येईल, पण अविचार म्हणता येणार नाही.

पाण्याच्या बाबतीत अज्ञानाचे परिणाम लगेच दिसतात. उंच नळी बसवली, म्हणजे इंजिनाला हवा टपाच्या उंचीवरून मिळावी यासाठीचा ‘स्नॉर्केल’ लावला, की गाडी नदीत घालायला मोकळी झाली असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद केलेला नसेल तर ही नळी केवळ शोभेची राहते, आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याहूनही दुर्लक्षित भाग म्हणजे डिफरन्शियलचा श्वासमार्ग. चढ चढून तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि तेथील छोट्या छिद्रातून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ड्रेन प्लग सोडला की काळसर तेलाऐवजी दुधाच्या चहासारखा द्रव बाहेर येतो, आणि तो तसाच राहू दिला तर बेअरिंग गंजतात. यावरचा उपाय म्हणजे ते छिद्र एका रबरी नळीने बॉनेटखाली उंच नेऊन सोडणे, ज्याला किरकोळ खर्च येतो आणि जो बाहेरून दिसतही नाही. नेमके हेच काम झाले आहे की नाही, यावरून गाडी स्पर्धेसाठी बांधलेली आहे की छायाचित्रांसाठी, हे ओळखता येते.

विंचचा हिशेबही असाच बाहेरून न दिसणारा आहे. पुढच्या बंपरमागे बसवलेले विजेवर चालणारे दोर गुंडाळण्याचे यंत्र म्हणजे विंच. त्याची क्षमता गाडीच्या सामानासह असलेल्या वजनाच्या किमान दीडपट असावी, असा संकेत आहे. दोन टन भरणाऱ्या गाडीला त्यामुळे निदान तीन टनी विंच हवा, आणि चिखलाची चोखण जमेस धरून बहुतेक स्पर्धक ९५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४३०० किलोचा विंच लावतात. परंतु हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरला असताना लागू असतो. थर वाढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते, इतकी की चौथ्या थरावर ती साठ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून जाणता सहचालक जवळचे झाड सोडून दूरच्या झाडापर्यंत दोर नेतो, किंवा मध्ये कप्पी अडकवून दोर गाडीकडेच परत आणतो, ज्यामुळे वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. पूर्ण भारावर विंच चारशे अँपिअरच्या घरात वीज खेचतो, जी कोणत्याही नेहमीच्या अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून दुसरी बॅटरी लागते. पोलादी दोर ताणलेल्या स्थितीत तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि माणूस दगावू शकतो. त्याच्याऐवजी कृत्रिम धाग्याचा हलका दोर वापरणे, दोरावर जड कांबळे टाकणे आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू न देणे, ही शिस्त स्पर्धेत शिकवली जाते आणि तपासली जाते. पावसाळ्यात गाळात रुतलेला ट्रॅक्टर गावकरी साध्या साखळीने ओढतात तेव्हा हे ज्ञान तिथे नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

सुरक्षिततेच्या संदर्भात निर्णायक मुद्दा पिंजऱ्याचा, म्हणजे रोलकेजचा आहे. गाडी उलटली तर टप चेपून आतल्यांचे डोके चिरडू नये यासाठी आत पोलादी नळ्यांचा सांगाडा उभारतात. आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाच्या, अर्थात एफआयएच्या, नियमांनुसार मुख्य कमानीची नळी शिवणरहित, थंड अवस्थेत ओढलेल्या कार्बन पोलादाची, ४५ मिलिमीटर व्यासाची व अडीच मिलिमीटर जाडीची किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व दोन मिलिमीटर जाडीची असावी लागते. तिच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीचा आणि १२० चौरस सेंटिमीटरचा आधारपट्टा असावा लागतो, आणि पाय किमान तीन बोल्टांनी पक्का करावा लागतो. बाजारात ‘रोलकेज’ म्हणून जे विकले जाते ते बरेचदा शिवण असलेल्या, पाणी वाहून नेण्यासाठी बनवलेल्या नळ्यांचे असते आणि पातळ पत्र्यावर स्क्रूने बसवलेले असते. धक्का बसताच असा पाय पत्रा फाडून आत घुसतो, म्हणजे रक्षणासाठी घातलेली नळीच इजेचे कारण होते. त्याहून वाईट असे की, खराखुरा पिंजरासुद्धा हेल्मेट आणि चार-पाच टोकी पट्ट्यांशिवाय धोकादायक असतो, कारण एरवी मोकळ्या असलेल्या जागेत आता डोक्याच्या उंचीवर पोलाद असते. स्पर्धेत हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा असतो. रस्त्यावर रोजच्या कामाला निघालेला माणूस हेल्मेट घालून बसत नाही. हाच पिंजरा मैदानात जीव वाचवतो आणि रस्त्यावर जीव घेऊ शकतो.

या ठिकाणी या खेळाच्या कैवाऱ्यांशीही मतभेद नोंदवणे भाग आहे. ‘गाडी आमची, पैसा आमचा, त्यात काय घालावे हे शासनाने का सांगावे’ असा त्यांच्यातल्या अनेकांचा युक्तिवाद असतो, आणि तो टिकत नाही. मोठा टायर घातलेल्या गाडीचा वेगदर्शक काटा ६० वर असतो तेव्हा ती प्रत्यक्षात ७० च्या पुढे धावत असते. तिच्या ब्रेकला त्याच प्रमाणात अधिक पीळ रोखावा लागतो, त्यामुळे ती थांबायला अधिक जागा घेते. लोखंडी बंपर पादचाऱ्याच्या छातीच्या उंचीवर येतो, आणि पुढचा भाग चेपून धक्का शोषण्याची मूळ योजना, तसेच एअरबॅग उघडण्याची वेळ, तो बिघडवतो. याच कारणाने केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्याची सूचना राज्यांना दिली. नाशिकच्या द्वारका चौकातून शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा जात असताना शेजारून अशी गाडी चालवण्याचा हक्क कोणालाही नाही. गाडी मालकाची असली तरी रस्ता त्याच्या एकट्याचा नाही.

म्हणूनच न्यायालयाचा निर्णय या खेळाच्या विरोधात गेला, ही समजूत तपासून पाहावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून गेलेल्या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा काटेकोर अर्थ लावला, आणि २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही अशी तरतूद झाली. निर्णयामागचा तर्क निर्दोष आहे: गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून रस्त्यासाठी योग्य ठरवला जातो, आणि नंतर तिच्यात मनमानी बदल झाले तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. मात्र या तर्काचा सारा रोख रस्त्यावर आहे. याच अधिनियमात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतून कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन वगळलेले आहे. कलम १८९ सुद्धा सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला मनाई करते ती शासनाची लेखी संमती नसेल तर. कायद्याने स्पर्धेच्या गाडीचा निषेध केलेला नाही. त्याने तिचा विचारच केलेला नाही. ती बंदिस्त आवारातली गाडी मानावी, तर स्पर्धेचे मैदान दर वेळी बंदिस्त असतेच असे नाही; आणि रस्त्यावरची मानावी, तर तिचा प्रत्येक आवश्यक भाग गुन्हा ठरतो. या पोकळीत सध्या प्रामाणिक स्पर्धक आणि रस्त्यावरचा मिरवणारा असे दोघेही एकाच दंडाला पात्र आहेत.

डोंगर तुडवण्याच्या आरोपामागचा पर्यावरणाचा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अंजनेरीच्या पठारावर त्या डोंगराचेच नाव धारण करणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात वाढते, आणि २०१७ पासून हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. इगतपुरीच्या दक्षिणेला लागूनच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. पठारावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची असते, आणि पावसात तिच्यावरून एकदा चाक गेले तर पाणी त्याच चाकोरीतून वाहून ती धुऊन नेते. अशा जागी कोणतीही गाडी, बदललेली असो वा मूळची, जाता कामा नये. यावर कोणताही अपवाद मागितला जाऊ नये. परंतु या नासधुशीचे कारण स्पर्धा आहे, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. संघटित स्पर्धेला परवानगी, ठरलेली हद्द आणि जबाबदार संयोजक असतो. मलेशियात १९९७ साली लुइस वी यांनी सुरू केलेल्या आणि २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भारतीय आवृत्ती भरलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’मध्ये टप्पे आखलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पंच उभा असतो. झाडाला दोर बांधताना रुंद नायलॉनचा पट्टा वापरावा लागतो, कारण पोलादी दोर साल कापतो आणि सालीचे पूर्ण कडे कापले गेले की झाड मरते. शनिवार-रविवारी पठारावर गाडी घालणाऱ्या हौशी टोळीवर यांतले कोणतेही बंधन नसते. सरावाला हक्काची जागा नसेल तर लोक डोंगराकडेच वळतात, आणि नाशिक जिल्ह्यात खडी काढून सोडून दिलेल्या कितीतरी खाणी अशा आहेत जिथे चढ, दगड, चिखल आणि साचलेले पाणी आयतेच मिळते व बिघडण्यासारखे काही उरलेले नाही.

उधळपट्टीच्या आरोपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री २०१९ साली थांबली, तरी स्पर्धांत ती अजून आवडीने वापरली जाते, कारण तिचे वजन अवघे टनभर आहे आणि चिखलात हलकेपणासारखा दुसरा गुण नाही. भंगारात जाणारी जुनी जीप किंवा जिप्सी उभी करून तिचा शाफ्ट लेथवर घडवणे, पाट्यांची कमान हिशेबाने बदलणे, नळी वाकवताना तिची भिंत चेपू न देणे, ही कामे सातपूर-अंबडच्या कारागिराला त्याच्या हुन्नराची किंमत मिळवून देतात. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी जे पीळ आणि वाकण पुस्तकात शिकतो, ते त्याला इथे तुटलेल्या तुकड्याच्या कडेवर वाचता येते.

आता प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा, आणि त्याचा नमुना याच देशाच्या नियमांत उपलब्ध आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली: त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते, आणि त्या प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन वा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर येऊ शकतात. जुनी गाडी आजच्या सुरक्षा-निकषांत बसत नाही हे शासनाला मान्य होते, तरीही तिच्यावर बंदी न घालता तिचा वापर सीमित करण्यात आला. स्पर्धेच्या गाडीसाठी हीच वाट अधिक कडक अटींवर मोकळी करता येईल. तिला रस्त्यावर स्वतःच्या चाकांवर यायची मुळीच परवानगी नसावी. ती फ्लॅटबेड ट्रकवरून किंवा ट्रेलरवरूनच मैदानापर्यंत न्यावी. तिची नेहमीची नोंदणी रद्द होऊन तिच्या जागी स्पर्धा-नोंदवही यावी, जिच्यात पिंजऱ्याच्या नळीचा व्यास, जाडी व पोलादाचा प्रकार, विंचची क्षमता आणि प्रत्येक तपासणीची तारीख लिहिलेली असेल. तपासणीचे काम देशातल्या मोटार क्रीडा क्लबांच्या महासंघाने, म्हणजे एफएमएससीआयने, मान्यता दिलेल्या तांत्रिक पंचांकडे सोपवता येईल, कारण स्पर्धकांना परवाना देणारी संस्था तीच आहे. फ्लॅटबेडचा खर्च परवडत नाही अशी तक्रार स्पर्धकांकडून येईल, आणि ती मान्य करू नये. दोन-तीन संघांनी एक ट्रक वाटून घेणे शक्य आहे, आणि ज्या गाडीच्या लॉकर, शाफ्ट आणि विंचवर लाखांत खर्च होतो तिच्या वाहतुकीचा खर्च टाळण्यासाठी इतरांना धोक्यात घालणे समर्थनीय नाही. पिंजऱ्यांच्या चाचण्या घेऊ शकणाऱ्या दोन्ही संस्था, एआरएआय आणि व्हीआरडीई, नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर आहेत, गाड्या बांधू शकणारे हात सातपूर-अंबडमध्ये आहेत आणि ओसाड खाणी जिल्हाभर आहेत. काम अडले आहे ते नियमाच्या मसुद्यापाशी, आणि तो मसुदा मागण्यासाठी नाशिकच्या क्लबांनी परिवहन विभागाकडे एकत्रितपणे अर्ज करण्याला कोणताही कायदा आड येत नाही.